३२ व्या सेकंदाला तुटणारा फोन

फोन लागतो. दोन्हीकडे आवाज स्वच्छ. आणि बरोब्बर ३२ व्या सेकंदाला तुटतो. पुन्हा लावला तरी तेच.

हा प्रश्न या सदरासाठी हैदराबादच्या एका वाचक मुलीने पाठवलाय. ती एका लहानशा कंपनीत आहे आणि कंपनी दवाखान्यांना इंटरनेटवरून चालणारे फोन बसवून देते. एका दवाखान्यात आठवडाभर हा प्रकार चालू होता. रुग्ण नंबर लावायला फोन करतो, काउंटरवरच्या बाई नाव विचारतात, वय विचारतात, कुठल्या डॉक्टरांना दाखवायचंय ते विचारतात, आणि वेळ सांगायच्या आत फोन बंद. तरुण माणसं वैतागून पुन्हा लावतात. सत्तरीपुढच्या आजी-आजोबांना मात्र वाटतं, बाईंनी फोन आपटला. ते पुन्हा लावत नाहीत. "काका," तिने लिहिलंय, "सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळं व्यवस्थित दिसतंय. रिक्वेस्ट आली, पुढे पाठवली, एरर शून्य. मग शोधू कुठे?"

शोधायचं ते त्या "पुढे पाठवली" या दोन शब्दांत. कुठे पाठवली आणि काय पाठवलं, हे तिच्या लॉगने सांगितलेलंच नाही.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. इंटरनेटवर फोन जोडून देण्याची जी बोली आहे तिला सिप म्हणतात. तिची आजची मुख्य नियमावली, आरएफसी ३२६१, जून २००२ ची. सिप आवाज वाहून नेत नाही. कोणाला कोणाशी बोलायचंय एवढं ठरवते आणि बाजूला होते. मध्ये बसलेला सर्व्हर हे निरोप पुढे ढकलतो. त्यातला एक जुनाजाणता सर्व्हर म्हणजे कामाइलिओ. बर्लिनच्या फ्राउनहोफर फोकस संस्थेत २००१ मध्ये एसईआर नावाने सुरू झालेलं काम, २००५ मध्ये त्यातून ओपनएसईआर निघालं, आणि २००८ मध्ये त्याचं नाव कामाइलिओ झालं. त्याच वर्षी ओपनसिप्स हे भावंड वेगळं राहायला गेलं. कामाइलिओ हा हवाई बेटांच्या भाषेतला शब्द आहे. अर्थ, गप्पा मारणे. नाव ठेवणाऱ्यांचं कौतुक वाटतं.

या सर्व्हरला कुठला निरोप कुठे पाठवायचा हे आपण एका कॉन्फिग फाइलमध्ये लिहून देतो. ती फाइल म्हणजे जवळजवळ एक छोटा प्रोग्रॅमच असतो. आणि त्यात चूक शोधणं अवघड जातं याचं कारण एकच. बहुतेक जण आलेल्या रिक्वेस्टचा लॉग लिहितात आणि तीच बाहेर गेली असं धरून चालतात. आलेली आणि गेलेली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या काही मिलिसेकंदांत तिचा पत्ता बदलतो, वरची हेडरं बदलतात, कधी पोटातला मजकूरही बदलतो.

आता ३२ सेकंदांकडे. फोन जोडण्याचा सिपचा शिष्टाचार आपल्या दारावरच्या शिष्टाचारासारखाच आहे. "येऊ का?" म्हणजे इन्व्हाइट. "या की!" म्हणजे २०० ओके, म्हणजे समोरच्याने फोन उचलला. आणि "आलो हं" म्हणजे ॲक. हा तिसरा निरोप फार छोटा आणि फार विचित्र आहे. सिपमधल्या बाकी प्रत्येक रिक्वेस्टला उत्तर येतं, ॲकला उत्तर नसतं. "आलो हं" ला कोण काय उत्तर देणार? त्यामुळे तो वाटेत हरवला तर सर्व्हरकडे एरर येत नाही, टाइमआउट होत नाही, कोणी तक्रार करत नाही. लॉग हिरवागार राहतो.

तक्रार होते ती दुसऱ्या टोकाला. ज्याने "या की" म्हटलं त्याला "आलो" ऐकूच आलं नाही, म्हणून तो पुन्हा "या की" म्हणतो. अर्ध्या सेकंदाने, मग एका, मग दोन, मग दर चार सेकंदांनी. नियमावलीत मूळ वेळ अर्ध्या सेकंदाची आहे आणि थांबायची मुदत तिच्या ६४ पट. हिशेब करा, ३२ सेकंद. तेवढ्यात ॲक आला नाही तर फोन समजतो की पलीकडे कोणी नाही, बाय पाठवतो आणि संभाषण बंद करतो. आवाज वेगळ्या वाटेने चालत असल्यामुळे तोवर माणसं खुशाल बोलत असतात. म्हणून ३२ हा आकडा दिसला की आधी ॲकच्या मागे लागावं. इतर शंका नंतर.

मग तिच्या दवाखान्यातला ॲक गेला कुठे?

इथे पत्त्याची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पूर्वी आपल्या घरी येणाऱ्या पत्रांवर दोन गोष्टी असायच्या. एक, ज्याला पत्र आहे त्याचं नाव. दुसरं, कधी कधी, "मार्फत". चिरंजीव अमुक, मार्फत तमुक किराणा दुकान, सराफा बाजार. पोस्टमन दुकानात पत्र टाकायचा, नाव मात्र चिरंजीवांचंच राहायचं. कामाइलिओत अगदी हीच सोय आहे. रिक्वेस्ट यूआरआय म्हणजे नाव, कॉन्फिगमध्ये त्याला डॉलर आरयू म्हणतात. डेस्टिनेशन यूआरआय म्हणजे मार्फत, त्याला डॉलर डीयू. डीयू भरलेला असेल तर पाकीट तिकडे जातं, आरयू जसाच्या तसा राहतो. डीयू रिकामा असेल आणि वाटेतल्या सर्व्हरांची नावं सांगणारं रूट हेडरही उरलेलं नसेल, तर आरयूमध्ये जो पत्ता लिहिलाय तिकडे.

दवाखान्याच्या काउंटरवरचा फोन एका साध्या राउटरच्या मागे आहे. त्याला स्वतःचा पत्ता ठाऊक आहे तो १९२.१६८.१.२३ असा. हा पत्ता फक्त त्या इमारतीत चालतो. "गणपतीच्या देवळाशेजारी" म्हटल्यासारखा. बेळगावात आहे, बडोद्यात आहे, इंदूरला आहे, ग्वाल्हेरलाही आहे, प्रत्येक ठिकाणी खरा आणि गावाबाहेरच्या पोस्टमनला निरुपयोगी. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते जगभर लाखो घरांत एकाच वेळी वापरात असतात.

मग घंटी वाजते कशी? कारण फोन सुरू झाल्यावर सर्व्हरकडे रजिस्टर होतो, आणि तेव्हा सर्व्हर दोन्ही पत्ते टिपून ठेवतो. फोन स्वतः सांगतो तो, आणि पाकीट प्रत्यक्षात जिथून आलं तो, म्हणजे राउटरचा बाहेरचा पत्ता. इन्व्हाइट आला की सर्व्हर या वहीत बघतो आणि बाहेरचा पत्ता मार्फतच्या जागी भरतो. घंटी वाजते. पण ॲक या वहीत बघतच नाही. संभाषण एकदा जुळलं की पुढचे निरोप, ॲक, बाय वगैरे, ज्या पत्त्यावर यायचे तो फोनने २०० ओकेच्या कॉन्टॅक्ट हेडरमध्ये लिहून दिलेला असतो. आणि फोन तिथे काय लिहिणार? १९२.१६८.१.२३. गणपतीच्या देवळाशेजारी.

यावर कामाइलिओत उपाय आहे आणि तो दोन भागांत आहे. उत्तर परत जाताना सर्व्हर कॉन्टॅक्टला एलियास नावाची शेपटी जोडतो, त्यात बाहेरचा पत्ता असतो. पुढे ॲक किंवा बाय आला की हँडल आरयूआरआय एलियास नावाची कमांड ती शेपटी काढून घेते आणि मार्फतच्या जागी भरते. कामाइलिओसोबत मिळणाऱ्या नमुना फाइलमध्ये दोन्ही भाग आहेत. तिच्या कंपनीत कोणीतरी ती फाइल "सुटसुटीत" केली होती. शेपटी जोडणारी ओळ राहिली होती, वाचणारी गेली होती. (नमुना फाइल लांबलचक दिसते हे खरं, पण त्यातली प्रत्येक ओळ कोणाच्या तरी रात्रीच्या जागरणातून आलेली असते. कात्री चालवण्याआधी ती ओळ का आहे ते वाचावं.)

इतर दवाखाने चालत होते, कारण तिथल्या एक्स्चेंजच्या पेट्यांना स्थिर बाहेरचा पत्ता होता. आणि याच दवाखान्यातून बाहेर लावलेले फोन तुटत नव्हते, कारण तेव्हा ॲक उलट दिशेने, कंपनीकडे जात होता. पण एक खूण तेव्हाही होती. पलीकडच्याने फोन ठेवला तरी काउंटरचा फोन चालूच राहायचा, बाई "हॅलो, हॅलो" करत बसायच्या. बायसुद्धा त्याच देवळाशेजारी चालला होता. अशी दोन लक्षणं एकत्र दिसली की निदान पक्कं समजा.

आता मुद्दा. ती म्हणते, मी लॉगमध्ये आरयू छापून बघितला होता. बघितला असेल. पण गंमत अशी की व्यवस्था ठीक असतानाही आरयूमध्ये १९२.१६८.१.२३ हेच दिसतं! शेपटी काढून घेतल्यावर नाव तेच उरतं, फरक फक्त मार्फतमध्ये असतो. निरोगी आणि आजारी, दोन्हींचा चेहरा सारखा. आणि पुढे ढकलणारी कमांड, टी रिले, ती यशस्वी झाली एवढंच सांगते, म्हणजे पाकीट पेटीत पडलं. यूडीपीत पाकीट पोचलं की नाही हे विचारायची पद्धतच नाही.

म्हणून बाहेर जाणारं पाकीट दारातच तपासायचं. त्यासाठी कामाइलिओत ऑनसेंड रूट नावाचा भाग आहे. पुढे पाठवली जाणारी प्रत्येक रिक्वेस्ट सर्व्हरच्या बाहेर पडण्याच्या अगदी आधी इथून जाते. तिथे फार काही करता येत नाही, बदल करायची ती जागा नव्हे, पण शेवटचा पत्ता, आयपी आणि पोर्ट, इथे ठरलेला असतो. एक्सलॉगची एक ओळ घाला: मेथड, कॉल आयडी, कुठल्या आयपीवर आणि कुठल्या पोर्टवर चाललंय. तिने घातली. पहिल्याच फोनला ओळ आली: ॲक, १९२.१६८.१.२३, पोर्ट ५०६०. ढगातला सर्व्हर देवळाशेजारचं घर शोधत होता. संवादाच्या आतल्या रिक्वेस्टच्या रूटमध्ये ती हरवलेली कमांड परत टाकली, आणि फोन तुटायचे थांबले.

चालू सर्व्हरवर हा लॉग सरसकट उघडू नका. आपल्या चाचणीच्या एका नंबरापुरती अट घाला, नाहीतर तासाभरात डिस्क भरेल आणि तुमची ओळ सापडणार नाही. आणि ऑनसेंडच्या मर्यादा माहीत असू द्या. उत्तरं इथून जात नाहीत, पुन्हा पाठवलेल्या प्रती जात नाहीत, आणि सर्व्हरने स्वतःहून तयार केलेल्या रिक्वेस्टही जात नाहीत. ही तिसरी जात अनेकांना चकवते. गेटवे जिवंत आहे का हे बघायला डिस्पॅचर मॉड्यूल ऑप्शन्स नावाचे निरोप पाठवत असतं. ते तुमच्या मुख्य रूटमधून गेलेलेच नसतात, त्यामुळे तिथे घातलेलं हेडर त्यांना लागत नाही. त्यांच्यासाठी टीएम मॉड्यूलचा लोकल रिक्वेस्ट नावाचा वेगळा इव्हेंट रूट आहे.

पत्ता बरोबर असूनही आतला मजकूर बिघडलेला असतो, तो प्रकार आणखी मजेशीर. तुम्ही कॉन्फिगमध्ये एखादं हेडर काढलं, आणि पुढच्याच ओळीत ते छापून बघितलं, तर ते तिथेच! नवीन मुलं इथे डोकं धरून बसतात. छापखान्यातलं प्रूफ ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच समजेल. प्रूफ तपासणारा कागदावर लाल पेनाने खुणा करतो, हे काढा, इथे हे घाला. कागदावरचा छापील मजकूर तेव्हा बदलत नाही. खुळे नंतर जुळवतात, एकदम, छपाईला जाताना. कामाइलिओ बहुतेक बदल असेच खुणांच्या यादीत ठेवतो आणि पाठवायच्या क्षणी लागू करतो. तोवर तुम्ही वाचता ती मूळ प्रत. (आरयू, डीयू याला अपवाद आहेत, ते लगेच बदललेले दिसतात. त्यामुळे गोंधळ वाढतोच.)

यातून एक नमुनेदार बिघाड होतो. संवादाच्या मजकुरात, म्हणजे एसडीपीत, आवाज कुठल्या आयपीवर पाठवायचा ते लिहिलेलं असतं. मुख्य रूटमध्ये कोणी खूण केली, हा आयपी काढून २०३.०.११३.५ घाला. मग ब्रँच रूटमध्ये दुसऱ्या कोणी, मजकूर अजून जुनाच दिसतोय म्हणून, पुन्हा तीच खूण केली. छपाईला जाताना दोन्ही खुणा पाळल्या जातात आणि बाहेर पडतं २०३.०.११३.५२०३.०.११३.५. असला पत्ता बघून पलीकडचं यंत्र एकतर फोन नाकारतं किंवा मुकं बसतं. लॉगमध्ये कुठेही हा राक्षस दिसत नाही, कारण तो सर्व्हरच्या आत कधी अस्तित्वातच नव्हता.

उपाय साधा आहे, बदल एकाच ठिकाणी करा. मुख्य रूटमध्ये केलेली खूण सगळ्या प्रतींवर जाते, ब्रँच रूटमधली फक्त त्या एका प्रतीवर. एकाच वेळी तीन फोन वाजवायचे असतील तर तीन ब्रँच, तीन झेरॉक्स प्रती. एका कंपनीला नंबर अधिक ९१ लावून हवा असेल आणि दुसरीला नको, तर ते काम ब्रँचमध्ये. बदल केल्यावर लगेच बदललेली प्रत वाचायचीच असेल तर एमएसजी अप्लाय चेंजेस नावाची कमांड आहे, पण ती मुख्य रूटमध्ये आणि जपून वापरायची. ही कमांड म्हणजे सरधोपट इलाज असं समजून दर दहा ओळींनी घालणारे मी पाहिलेत. त्यांची फाइल वाचायला दिली तर मी नम्रपणे परत करतो.

शेवटी तारेवर काय गेलं हे तारेवरच बघावं. सर्व्हरवर एसएनग्रेप चालवा. काळ्या पडद्यावर शिडीसारखी रेखाकृती येते, कुठून कुठे कुठला निरोप गेला ती. तिच्या प्रश्नातली चूक तिथे दहा सेकंदांत दिसली असती: तोच २०० ओके दहा-अकरा वेळा, आणि प्रत्येकामागे एक ॲक, भलत्याच दिशेला. टीसीपीडंपही चालेल. निरोप टीएलएसने गुंडाळलेले असतील तर तारेवर काही वाचता येत नाही. तेव्हा सिपट्रेस मॉड्यूलने सर्व्हरच्या आतूनच प्रत काढून होमरसारख्या साठवणाऱ्या यंत्राकडे पाठवतात. आणि फाइलमधल्या कुठल्या ओळीवरून गाडी गेली हेच कळत नसेल तर डीबगर मॉड्यूलमध्ये कॉन्फिग ट्रेस आहे, तो ओळ क्रमांकांसह प्रत्येक पाऊल छापतो. मी तो शेवटी वापरतो, फार बडबड्या आहे.

क्लाउडवरच्या सर्व्हरचा एक रोग वेगळा सांगायला हवा. तिथे यंत्राचा स्वतःचा पत्ताही आतला असतो, १०.०.०.५ असा काहीतरी, आणि बाहेरचा पत्ता क्लाउडवाल्याच्या दारावर असतो. लिसनच्या ओळीत ॲडव्हर्टाइज करून बाहेरचा पत्ता लिहिला नाही तर व्हाया आणि रेकॉर्ड रूट हेडरांत आतला पत्ता जातो. मग चूक तुमच्या सर्व्हरची आणि भोगतो पलीकडचा. त्याचे पुढचे निरोप १०.०.०.५ शोधत फिरतात. इथे ऑनसेंडचा पत्ता अगदी बरोबर येईल, म्हणून पत्त्यासोबत एकदा तरी पूर्ण मजकूर डोळ्यांखालून घाला.

आणि कधीतरी सर्व्हर ५०० क्रमांकाचं उत्तर देईल, त्यात लिहिलेलं असेल, आय ॲम टेरिबली सॉरी, सर्व्हर एरर ऑकर्ड. हे खरंच कामाइलिओच्या कोडमध्ये आहे, कोणी गंमत केलेली नाही. तो दिसला तर निरोप सर्व्हरच्या बाहेर पडलेलाच नसतो, तेव्हा एसएनग्रेपमध्ये पुढची वाट शोधू नका, सर्व्हरचाच लॉग उघडा. ४७८, म्हणजे डेस्टिनेशन सापडत नाही, हाही घरचाच. बहुधा डीएनएसमध्ये नाव नाही, नाहीतर डीयू लिहिताना हात चुकला. याउलट ४०८ आला तर पाकीट बहुतेक वेळा गेलेलं असतं, पलीकडून कोणी बोललं नाही. ४८३ आला तर निरोप गोल गोल फिरतोय. प्रत्येक सर्व्हर मॅक्स फॉरवर्ड्सचा आकडा एकाने कमी करतो, तो संपला की ४८३. असं झालं की आपला स्वतःचा पत्ता "मी" म्हणून सर्व्हरला ओळखता येतोय का ते आधी तपासा. बहुतेकदा तो स्वतःलाच पाकीट पाठवत असतो.

दवाखान्याच्या बाबतीत तिला अजून एक गोष्ट कळवली. चाचणीसाठी काढलेल्या सगळ्या फाइली काम झाल्यावर पुसून टाक. त्यांत रुग्णांचे नंबर आहेत, कोणी कधी फोन केला ते आहे, आणि फोनवर दाबलेली बटणं इन्फो रिक्वेस्टमधून जात असतील तर तीही आहेत. त्या बटणांत कोणाचा पिन असेल सांगता येत नाही. तिने पुसल्या. ऑनसेंडमधली ओळ मात्र ठेवलीय, चाचणीच्या नंबराच्या अटीसकट.